फुले सरल्यावर पानांचा बहर

गणेशोत्सव उरकला, की कुंड्यांतील तेरडा ओकाबोका दिसू लागतो. शेवंतीला कळ्या धरायला अजून अवकाश असतो आणि दसऱ्याला आणलेला झेंडू हा काही आठवड्यांचाच पाहुणा. ऑक्टोबर ते जानेवारी या काळात गच्ची वा बाल्कनी रंगीत ठेवायची, तर फुलांपेक्षा पानांवर भिस्त ठेवणे शहाणपणाचे.

मात्र रोपवाटिकेतून हौसेने आणलेला लाल-पिवळा क्रोटन काही महिन्यांत हिरवा पडतो, हा अनुभव शहरात अनेकांना येतो. दोष खताला दिला जातो. कारण बहुधा उजेडाचे असते. पानाचा हिरवेपणा हरितद्रव्याचा, लाल-जांभळा रंग अँथोसायनिनचा, तर पिवळा-केशरी कॅरोटिनॉइडचा. सावलीत लाल रंगद्रव्य पुरेसे तयार होत नाही आणि हिरवा रंग वरचढ ठरतो. त्यात नत्रयुक्त खताचा मारा केला, तर हिरवेपणा वाढतोच. क्रोटन आणि तांबूस पानांचा अकॅलिफा यांना रोज चार-पाच तास ऊन हवे. परंतु सावलीतली कुंडी एकदम उन्हात नेल्यास पाने करपतात वा गळतात. आठ-दहा दिवसांत ती थोडीथोडी सरकवावी. रंग येतो तो मुख्यतः नव्या पालवीला.

कोलियसची तऱ्हा निराळी. ऑक्टोबरचे दुपारचे ऊन त्याला सोसत नाही, सकाळचे कोवळे ऊन पुरते. जांभळट तुरे दिसताच खुडावेत, अन्यथा झाडाची शक्ती बियांकडे जाते आणि पाने लहान होतात. पावसाळ्यात उंच वाढून खोड उघडे पडलेले रोप जपण्यात अर्थ नाही. त्याचे चार इंची शेंडे काढून पाण्यात ठेवले, तरी दोन आठवड्यांत मुळे फुटतात.

सर्वाधिक निराशा होते ती पॉइन्सेटियाच्या बाबतीत. मेक्सिकोच्या या झाडाचा लाल भाग फूल नसून पानेच आहेत. खरी फुले मधोमध असतात, बारीक आणि पिवळसर. पाने लाल होण्यासाठी झाडाला सलग मोठ्या रात्री लागतात. आपल्याकडे त्या ऑक्टोबरपासून आपसूक मिळतात, पण बाल्कनीसमोर रस्त्यावरचा दिवा असेल तर अंधार तुटतो आणि नाताळ आला तरी झाड हिरवेच राहते. अशा वेळी सहा ते आठ आठवडे संध्याकाळी सहा ते सकाळी आठ या वेळेत कुंडीवर पुठ्ठ्याचे खोके पालथे घालावे. एखाद-दुसरी रात्र चुकली तरी रंग लांबतो. हे काम चिकाटीचे आहे, हे मान्य करायला हवे. दिवसा मात्र झाडाला भरपूर उजेड हवा.

क्रोटन व पॉइन्सेटिया यांच्या चिकाने त्वचेची आग होऊ शकते. छाटणी करताना हातमोजे घालावेत. कॅलेडियमची पाने चघळल्यास तोंड सुजते, त्यामुळे ती कुंडी लहान मुले आणि मांजरांपासून दूरच बरी. थंडीत त्याची पाने झडली म्हणून झाड मेले समजून फेकू नये. पाणी जवळजवळ बंद करून कंद मातीतच कोरडा राहू द्यावा. उन्हाळ्याच्या उबेने तो पुन्हा फुटतो.