अ‍ॅड हॉक बिनतारी जाळ्यांतील मार्गनिर्धारण प्रोटोकॉल

मनोरा, केबल वा मध्यवर्ती केंद्र यांच्या आधाराविना परस्परांशी जोडलेल्या उपकरणांनी संदेश कोणामार्फत पुढे धाडावा, हे ठरविणाऱ्या नियमसंचांना अ‍ॅड हॉक बिनतारी जाळ्यांतील मार्गनिर्धारण प्रोटोकॉल असे म्हणतात. ‘अ‍ॅड हॉक’ या लॅटिन शब्दप्रयोगाचा अर्थ ‘या कामापुरते’ असा होतो. अशा जाळ्यातील प्रत्येक उपकरण, म्हणजेच नोड, स्वतःचे संदेश पाठविते आणि इतरांचेही पुढे पोहोचविते. नोड सतत हलत असल्याने काल सापडलेला मार्ग आज असेलच असे नाही.

पार्श्वभूमी

नेहमीचा मोबाइल संच शेजारच्या संचाशी बोलतानाही मनोऱ्यामार्फतच बोलतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला (कुलाब्यास त्याच दिवशी जेमतेम ७३ मिमी). वीज गेली आणि मुंबईच्या अनेक भागांतील दूरध्वनी व मोबाइल सेवा कोलमडली. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांतील बॉम्बस्फोटांनंतर, घरची माणसे एकमेकांचा शोध घेत असताना, मोबाइलची जाळी कोंडून गेली. दोन्ही वेळी लोकांच्या हातातील संच धडधाकट होते. नव्हता तो मधला दुवा. अ‍ॅड हॉक जाळ्यांचे संशोधन याच उणिवेवर उपाय शोधते. त्याचा आरंभ १९७०च्या दशकात अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘पॅकेट रेडिओ’ प्रकल्पाने झाला.

पूर्वसज्ज प्रोटोकॉल

या प्रकारात प्रत्येक नोड सर्व ठिकाणांच्या मार्गांचा तक्ता आधीच तयार ठेवतो आणि शेजाऱ्यांशी ठरावीक काळाने ताडून पाहतो. डीएसडीव्ही हा या गटातील आद्य प्रोटोकॉल चार्ल्स पर्किन्स व प्रवीण भागवत यांनी १९९४ मध्ये मांडला.

त्याने सोडविलेली अडचण उदाहरणाने पाहू. लालबाग, परळ व दादर येथे प्रत्येकी एक संच आहे आणि प्रत्येकाचा आवाज फक्त शेजारच्या संचापर्यंत पोहोचतो. लालबागच्या तक्त्यात दादर दोन टप्प्यांवर, परळच्या तक्त्यात एका टप्प्यावर आहे. आता परळ–दादर दुवा तुटला. परळ नवा मार्ग शोधू लागते, तोच लालबाग सांगते, ‘माझ्याकडून दादर दोन टप्पे.’ तो मार्ग आपल्यावरूनच जातो, हे परळला ठाऊक नसते. ते तीन टप्पे नोंदविते. ते ऐकून लालबाग चार, मग परळ पाच. अस्तित्वात नसलेल्या वाटेचे आकडे असे वाढतच राहतात आणि संदेश दोघांमध्ये हेलपाटे घालतो. डीएसडीव्हीमध्ये प्रत्येक ठिकाण आपल्या बातमीवर चढता अनुक्रमांक घालते. दुवा तुटल्याचे कळताच परळ त्याहून एकाने मोठा, विषम क्रमांक घालून ‘दादर अप्राप्य’ असे जाहीर करते. लालबागची बातमी जुन्या क्रमांकाची असल्याने ती आपोआप बाद ठरते. उपाय इतका साधा आहे की तो आधी कोणाला सुचला नसावा याचे नवल वाटावे.

ओएलएसआर (२००३) हा याच गटातील आहे. दाट वस्तीत प्रत्येकाने प्रत्येक घोषणा पुन्हा उच्चारली तर गोंगाटच होतो. म्हणून प्रत्येक नोड आपल्या शेजाऱ्यांपैकी मोजके असे निवडतो की त्यांच्यामार्फत दोन टप्प्यांवरील सर्वांपर्यंत बातमी जाईल. बाकीचे ऐकतात, पण पुढे सांगत नाहीत. गणेशोत्सवात लालबागच्या रांगेत सूचना पुढे सरकविण्यासाठी चार कार्यकर्ते नेमावेत, तसेच हे.

मागणीनुसार चालणारे प्रोटोकॉल

गिरगावच्या वाड्यांत नवखा माणूस नकाशा पाठ करून येत नाही. पत्ता हवा तेव्हा विचारतो. एओडीव्ही याच रीतीने चालतो. संदेश पाठवायचा असेल तेव्हाच विचारणा सर्वत्र पसरविली जाते, प्रत्येक नोड ती कोणाकडून आली हे लक्षात ठेवतो आणि उत्तर त्याच वाटेने उलट परतते. २००३ मध्ये तो आरएफसी ३५६१ या दस्तऐवजाद्वारे प्रसिद्ध झाला. डेव्हिड जॉन्सन व डेव्हिड माल्ट्झ यांच्या डीएसआरमध्ये (१९९६) संपूर्ण मार्ग संदेशाच्या शीर्षभागातच लिहिलेला असतो. याची तुलना मुंबईच्या डबेवाल्यांच्या खुणांशी करण्याचा मोह होतो, परंतु ती अर्धीच खरी आहे: डब्यावर उतरण्याचे स्थानक, इमारत व मजला असतो, वाटेतील प्रत्येक हात नव्हे.

या गटात निष्क्रिय काळात बॅटरी वाचते. मात्र पहिल्या संदेशास विलंब होतो आणि गर्दीत विचारणांचाच पूर येऊ शकतो.

मिश्र व स्थानाधारित प्रोटोकॉल

झिग्मंट हास यांच्या झेडआरपीमध्ये (१९९७) जवळच्या परिघाचा तक्ता तयार असतो आणि बाहेरचे ठिकाण विचारून शोधले जाते.

ब्रॅड कार्प व एच. टी. कुंग यांचा जीपीएसआर (२०००) तक्ता ठेवतच नाही. गंतव्याच्या सर्वांत जवळ असलेल्या शेजाऱ्याकडे संदेश द्यावा, एवढाच त्याचा मूळ नियम. तो कोठे फसतो हे वरळी कोळीवाड्याच्या टोकावर उभे राहिल्यास ध्यानात येते. समोर वांद्रे दिसते, पण मध्ये पाणी आहे. शे-दोनशे मीटर पल्ल्याच्या संचांना वांद्र्यास पोहोचायचे तर आधी मागे, दक्षिणेस सरकून प्रभादेवी, दादर, माहीम असा वळसा घ्यावा लागेल. म्हणजे गंतव्यापासून दूर जावे लागेल. अशा वेळी जीपीएसआर मूळ नियम बाजूला ठेवून पोकळीच्या कडेकडेने संदेश नेतो, आणि अडकलेल्या जागेपेक्षा गंतव्याच्या अधिक जवळ असलेला नोड मिळताच पुन्हा मूळ नियमाकडे वळतो.

मर्यादा

हे सर्व प्रोटोकॉल शेजाऱ्याच्या सचोटीवर उभे आहेत. एखादा नोड ‘सर्वांत जवळचा मार्ग माझाच’ असे खोटे सांगून आलेले संदेश गिळून टाकू शकतो. यास कृष्णविवर हल्ला म्हणतात. इतरांचे संदेश वाहताना स्वतःची बॅटरी संपते, ही दुसरी अडचण. पूरस्थितीत, जेथे संच पुन्हा भारित करण्याची सोय नसते, तेथे ती पहिलीहून मोठी ठरते.