महात्मा फुले नास्तिक नव्हते

११ एप्रिल आला की फुलचूर असो की गोंदिया, जयंतीच्या कार्यक्रमात कुणीतरी हमखास सांगतो, ‘फुले देवबिव मानत नव्हते.’ विरोधक हे शिवी म्हणून बोलतात, चाहते अभिमानाने. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ मात्र दोघांनीही उघडलेलं नसतं, आणि याची मला खरोखर चीड येते. पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर फुल्यांनी हे पुस्तक डाव्या हाताने लिहिलं. ते १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. देव नाकारायचा असता तर अंगातली उरलीसुरली ताकद माणूस धर्मावरच्या पुस्तकात कशाला घालेल?

पुस्तक प्रश्नोत्तरांचं आहे. विश्वाच्या निर्माणकर्त्याला फुले ‘निर्मिक’ म्हणतात. तो एकच आहे, सगळ्यांचा आहे, त्याच्यापर्यंत पोचायला मध्ये भट लागत नाही. त्यांनी नाकारले ते अवतार, जन्मावरून ठरणारी उच्चनीचता आणि अमुकच पोथी देवाने धाडली हा दावा. त्यांनी एका कुटुंबाचं उदाहरण दिलंय. आई बौद्ध ग्रंथ वाचून पटलं तर बौद्ध होईल, वडील बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी. चौघांनी एकमेकांचा द्वेष न करता एकाच घरात गोडीगुलाबीने राहावं, असं फुले सांगतात. यात धर्म सोडा असं कुठे आहे? स्वतः वाचा, पारखा आणि मग घ्या, एवढंच आहे.

‘पण ते थॉमस पेन वाचत होते ना!’ वाचत होते. तरुणपणीच त्यांनी पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं होतं. पण पेनही नास्तिक नव्हता. बायबलवर कडाडून टीका करणाऱ्या ‘एज ऑफ रीझन’मध्ये (१७९४) सुरुवातीलाच तो एका ईश्वरावरची श्रद्धा जाहीर करतो. बुद्धी आणि श्रद्धा यांचं हाडवैर अमेरिकेतही वाटतं तेवढं सरळ नव्हतं. १७३०-४० च्या दशकांत तिथे धर्मजागृतीची लाट उसळली, तिचा मोठा धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स हा तत्त्वज्ञ लॉक आणि शास्त्रज्ञ न्यूटन वाचणारा होता.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. फुले ख्रिस्ती झाले नव्हते. ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, इतकंच. प्रार्थना समाज (मुंबई, १८६७) आणि फुल्यांचा सत्यशोधक समाज (पुणे, २४ सप्टेंबर १८७३) एक नव्हेत. ‘सत्सार’मध्ये (१८८५) फुल्यांनी प्रार्थना समाजावर टीकाच केली आहे. आणि सत्यशोधक लग्न म्हणजे कोर्ट मॅरेज नव्हे. तिथे भटजी नसतो, पण मंगलाष्टका असतात, त्याही फुल्यांनी मराठीत रचलेल्या, आणि त्यांत नवरा-नवरी एकमेकांना वचन देतात.