सेवायात्रेला निघण्याआधी : कंबोडियाचा धडा

अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि युरोपातील चर्चचे गट अनाथालयांत सेवा करण्यासाठी कंबोडियात जात आले आहेत. त्यांचा हेतू निर्मळ असतो, पण परिणाम तसाच होतो असे नाही.

● मुले अनाथ आहेत? युनिसेफ आणि कंबोडिया सरकारच्या २०११च्या पाहणीनुसार, संस्थांतील सुमारे तीन चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात होते. घर सुटण्यामागे गरिबी आणि शिक्षणाची आशा होती.

● संस्था का वाढल्या? २००५ ते २०१० या काळात त्यांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली. परदेशी देणग्या आणि पाहुणे यांनी या वाढीला बळ दिले.

● मुलांवर काय परिणाम होतो? दर काही दिवसांनी नवे चेहरे माया लावतात आणि निघून जातात. आधीच घर तुटलेल्या मुलाला हा विरह पुन्हा पुन्हा सोसावा लागतो.

● कायदा काय म्हणतो? ऑस्ट्रेलियाने २०१८च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी अनाथालयांसाठी होणाऱ्या बालतस्करीची दखल घेतली. २०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथालय-पर्यटनाच्या धोक्यांवर बोट ठेवले.

● मग मदत कशी करावी? मूल आपल्या घरी राहील, यासाठी पैसा द्यावा : पालकांचा रोजगार, शाळेचा खर्च, औषधोपचार, नातेवाइकांकडे किंवा पालक-कुटुंबात संगोपन. प्रवास करायचाच असेल, तर स्थानिक समाजसेवकांना प्रशिक्षण देता येईल असे कौशल्य घेऊन जावे. लेकराला त्याच्या माणसांत राहू देणे, हीच खरी सेवा.