सहाव्या वर्षीचा रस्ता

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील रूळ देशभर जातात. रूळ टाकला की त्याची निगा राखण्यासाठी रेल्वे कायमचे कर्मचारी नेमते. भिलाईच्या आसपासच्या दुर्ग जिल्ह्यातील खेड्यांच्या रस्त्यांना मात्र अशी शाश्वती नाही.

२५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली, तेव्हा छत्तीसगड राज्याला दोन महिनेही झाले नव्हते. मैदानी भागात ५०० आणि आदिवासी भागात २५० लोकसंख्येची वस्ती बारमाही रस्त्याने जोडायची, हे उद्दिष्ट होते. बांधणाऱ्या कंत्राटदारानेच पाच वर्षे देखभाल करावी आणि तिचा खर्च राज्याने सोसावा, ही अट शहाणपणाची होती. पेच सहाव्या वर्षी पडतो. रस्त्याचे आयुष्य साधारण दहा वर्षांचे धरलेले असते. उत्तरार्धाचा भार मात्र राज्याच्या दरवर्षीच्या तरतुदीवर असतो आणि ओढाताणीत तीच प्रथम आटते.

या भागातील ‘कन्हार’ ही काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. त्यातच धानखरेदीच्या हंगामात हलक्या वाहतुकीसाठी बांधलेल्या रस्त्यांवरून भरलेले ट्रक धावतात. तुंबलेली मोरी वेळेवर मोकळी केली नाही, तर पाणी पायात मुरते आणि डांबरीकरण निष्फळ ठरते.

या उपेक्षेला इतिहास आहे. १९२७ मध्ये नेमलेल्या बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या समितीने पेट्रोलवरील अधिभारातून रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी सुचवला आणि १९२९ मध्ये तो अस्तित्वात आला. १९४३ च्या नागपूर योजनेने ग्रामीण रस्त्यांना वेगळा वर्ग म्हणून मान्यता दिली. परंतु २००० च्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याच्या मूळ मसुद्यात राष्ट्रीय महामार्गांसाठी ‘विकास आणि देखभाल’, तर ग्रामीण रस्त्यांसाठी केवळ ‘विकास’ असा उल्लेख होता. एका शब्दाच्या अभावात धोरणाची दृष्टी दिसते.

योजनेच्या २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात ७०,१२५ कोटी रुपये खर्चून ६२,५०० किलोमीटर रस्ते होणार आहेत. प्रत्येक नवा किलोमीटर म्हणजे राज्यावरील नवे दायित्व. म्हणून मंजुरीबरोबरच सहाव्या ते दहाव्या वर्षांचा खर्च स्वतंत्र लेखाशीर्षाखाली, अन्यत्र वळवता येणार नाही असा बांधून ठेवावा. गटारे, मोऱ्या व बाजूपट्ट्यांची निगा उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेशाप्रमाणे महिला बचत गटांना मोजमापानुसार मोबदला देऊन सोपवता येईल. किती रस्ते बांधले, हा आकडा उद्घाटनाच्या फलकावर असतो; त्यांपैकी दहाव्या पावसाळ्यात किती वापरात आहेत, हा आकडाही विधिमंडळापुढे दरवर्षी यायला हवा.