फी आपली, वकील बँकेचा

कर्ज मंजूर झाल्यावर बँक कर्जदाराच्या खात्यातून ज्या रकमा वळत्या करून घेते, त्यांत प्रक्रिया शुल्क असते, मुद्रांक शुल्क असते, मूल्यांकनकाराचे शुल्क असते आणि वकिलाची फीही असते. वसई-विरारचा व्यापारी ही फी निमूटपणे भरतो आणि पुष्कळदा अशा समजुतीत राहतो, की कागदपत्रे वकिलाच्या नजरेखालून गेली आहेत, तेव्हा आता चिंतेचे कारण नाही. कागदपत्रे वकिलाने पाहिलेली असतात हे खरेच. परंतु तो वकील बँकेच्या पॅनेलवरचा असतो. बँकेचे पैसे सुरक्षित आहेत की नाहीत, एवढेच त्याने पाहायचे असते. कर्जदाराचे, त्याच्या भावाचे किंवा पत्नीचे हित पाहणे हे त्याचे काम नव्हे, आणि ते पाहिले नाही म्हणून त्याला दोषही देता येत नाही.

मोठ्या व्यवहारांत ही गल्लत होत नाही. तेथे कर्ज देणाऱ्या बँकांचे वकील वेगळे आणि कर्ज घेणाऱ्या कंपनीचे वेगळे असतात. करारनाम्यातील एकेका कलमावर आठवडेच्या आठवडे वाटाघाटी चालतात. या कामाचे माहेरघर म्हणजे मुंबईचा फोर्ट विभाग. क्रॉफर्ड बेली ही सॉलिसिटरांची पेढी १८३० सालची, लिटल अँड कंपनी १८५६ ची, तर वाडिया गांधी १८८३ ची. अमरचंद मंगलदास ही १९१७ साली स्थापन झालेली पेढी २०१५ मध्ये विभागली गेली आणि तिच्यातून मुंबईची सिरिल अमरचंद मंगलदास व दिल्लीची शार्दूल अमरचंद मंगलदास अशा दोन पेढ्या झाल्या. एझेडबी, खेतान, जे. सागर, ट्रायलीगल ही नावेही बँकिंग व वित्तव्यवहारांत अग्रगण्य मानली जातात. चेंबर्स अँड पार्टनर्स, लीगल ५०० यांसारख्या परदेशी संस्था दरवर्षी अशा पेढ्यांची क्रमवारी लावतात. भारतात बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. २००८ पासून संकेतस्थळावर मोजकी माहिती देण्याची मुभा तेवढी आहे. त्यामुळे कोणता वकील कोणत्या कामात जाणकार आहे, हे सामान्य व्यापाऱ्याला तोंडातोंडीच कळते.

तीस-चाळीस लाखांच्या कॅश क्रेडिटसाठी फोर्टची पायरी चढणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. परंतु त्या पेढ्यांची एक पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे: प्रत्येक पक्षाने आपल्या वकिलाकरवी कागद वाचून घ्यायचा आणि मगच सही करायची. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांत माल घेताना रतीभर फरक चालत नाही. मात्र बँकेच्या छापील कागदांवर, अधिकारी बोट ठेवील तेथे, दहा मिनिटांत पंचवीस सह्या होतात. पाठीमागे उभ्या असलेल्या गृहिणीला तर आपण कर्जदार आहोत, सहकर्जदार आहोत की जामीनदार, हेही कोणी सांगितलेले नसते.

वसईत बँकिंग नवे नाही. बॅसीन कॅथलिक सहकारी बँकेची स्थापना १९१८ मधली. वसई विकास व वसई जनता या सहकारी बँकाही याच मातीतल्या. राष्ट्रीयीकृत व खासगी बँकांच्या शाखा त्यांच्या जोडीला आहेत. साधारणपणे प्रत्येक बँकेचे वकिलांचे पॅनेल असते आणि वसई न्यायालयाच्या परिसरात बसणारे अनेक वकील एकाहून अधिक बँकांची कामे करतात. आपल्यासाठी वकील निवडताना पहिला प्रश्न तोच विचारावा: आपण याच बँकेच्या पॅनेलवर आहात का? प्रामाणिक वकील स्वतःहूनच ते सांगतो आणि दुसऱ्याकडे पाठवतो.

जमिनीच्या हक्काच्या बाबतीत मात्र मोठ्या पेढीपेक्षा स्थानिक वकील सरस ठरतो. वसई तालुक्यातील जमिनींचे फेरफार, कुळकायद्याखाली मिळालेल्या जमिनींवरील हस्तांतरणाचे निर्बंध, आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाताना लागणारी शासकीय पूर्वपरवानगी, या गोष्टी ज्याने तलाठी कार्यालयाचे आणि दुय्यम निबंधकाचे उंबरठे झिजवले आहेत त्यालाच कळतात. बांधकाम परवान्याचेही तसेच. या भागाचे नियोजन १९९० पासून सिडकोकडे होते. महानगरपालिका २००९ साली झाली आणि पुढच्या वर्षी नियोजनाचे अधिकार तिच्याकडे आले. त्यामुळे एखाद्या इमारतीचा परवाना कोणी व केव्हा दिला, हे तपासायचे तर दोन्ही दप्तरे चाळावी लागतात. नालासोपारा पूर्वेला आचोळे येथे सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठी आरक्षित असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २०२४-२५ मध्ये त्या पाडण्यात आल्या. तेथे घर घेणाऱ्यांत आयुष्याची पुंजी ओतलेली कुटुंबे होती. गाळा किंवा सदनिका घेताना बँकेने सर्च रिपोर्ट घेतला आहे, एवढ्यावर विसंबणे कसे अपुरे असते, हे आणखी वेगळे सांगायला नको. तो अहवाल बँकेला उद्देशून लिहिलेला असतो; त्याची प्रत कर्जदाराच्या हाती क्वचितच पडते.

आता खरा अवघड विषय: जामीनकी. व्यापारी घराण्यांत जामीन राहणे हा नात्याचा भाग मानला जातो. भावाने मागितले आणि नाही म्हटले, असे होत नाही. हुंडीच्या काळापासून शब्दावर व्यवहार करणाऱ्या समाजाला ते स्वाभाविकही आहे. कायद्याची दृष्टी मात्र निराळी. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे जामीनदाराला म्हणता येत नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच हे स्पष्ट केले. पेढीची खासगी कंपनी केली म्हणजे संचालकांचे घर वाचते, हाही भ्रमच. संचालक वैयक्तिक जामीन असतील, तर कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया पूर्ण होऊन आराखडा मंजूर झाला, तरी त्यामुळे त्यांची जबाबदारी आपोआप संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ललितकुमार जैन खटल्यात २१ मे २०२१ रोजी दिला.

जामीनदाराच्या बाजूने कायद्यात काही कवचे आहेत. त्याच्या संमतीवाचून मूळ कराराच्या अटी बदलल्या, तर तो त्यापुढील व्यवहारांतून मुक्त होतो. बँकेने तारण हातचे घालवले, तर तेवढ्या प्रमाणात त्याची जबाबदारी कमी होते. परंतु बँकांच्या छापील हमीपत्रांत ही कवचे आपण सोडून देत आहोत, अशी कलमे बहुधा असतात. बारीक टाइपातली ती कलमे वाचून त्यांचा अर्थ मराठीत समजावून सांगणे, एवढ्या एका कामासाठी स्वतंत्र वकिलाला फी दिली तरी ती वाया जात नाही.

एक नमुना घेऊ. दोन भावांची भागीदारी पेढी आहे; ऐंशी लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा, मालाचे नजरगहाण, शिवाय राहत्या घराचे तारण आणि दोघांच्या पत्नी जामीनदार. काही वर्षांनी मुले मोठी होतात, विचार जुळेनासे होतात आणि समाजातील वडीलधाऱ्यांच्या साक्षीने गोडीने वाटणी होते. थोरल्याकडे पेढी राहते, धाकटा भाईंदरला नवे दुकान टाकतो. वाटणीपत्रात स्वच्छ लिहिलेले असते, की बँकेचे कर्ज थोरला फेडील. या कागदाची बँकेच्या दृष्टीने किंमत काय? काहीच नाही, कारण बँक त्यात पक्षकारच नाही. थोरल्याचा व्यवसाय चार वर्षांनी बुडाला, तर नोटीस धाकट्याच्या नावाने आणि त्याच्या पत्नीच्याही नावाने येते. नाती तुटतात ती पुष्कळदा वाटणीच्या दिवशी नव्हे, तर त्या दिवशी.

हे टाळण्याचे मार्ग कायद्याने दिले आहेत, पण ते चालून जावे लागतात. भागीदारी कायदा, १९३२ नुसार निवृत्त भागीदार आधीच्या देण्यांतून सुटतो तो धनको व पुढील भागीदार यांच्याशी तसा करार झाला तरच. आणि नंतरच्या व्यवहारांतून सुटण्यासाठी निवृत्तीची जाहीर नोटीस द्यावी लागते. ही नोटीस निबंधकाकडे, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात, अशा तिन्ही ठिकाणी जावी लागते. जामीनदारापुरते बोलायचे, तर चालू राहणारी हमी पुढील व्यवहारांसाठी रद्द करण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम १३० ने दिला आहे. त्यासाठी बँकेला नोटीस द्यावी लागते. त्या दिवसापर्यंतच्या बाकीची जबाबदारी अर्थात उरतेच. तीही संपवायची, तर बँकेकडून लेखी मुक्तिपत्र घ्यावे लागते आणि बँक ते बहुधा नवा जामीनदार किंवा नवे तारण मिळाल्यावरच देते. म्हणूनच वाटणीच्या बैठकीत हिशोबनीस जसा बसतो, तसा वकीलही बसला पाहिजे, आणि दोन्ही भावांचा एकच वकील असू नये.

खाते थकले की घड्याळ फार वेगाने फिरू लागते. हप्ता किंवा व्याज ९० दिवस थकले की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस पाठवते. सहकारी बँकांना हा कायदा लागू होतो की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी तो लागू होतो असे ठरवले, आणि वसईच्या सहकारी बँकांच्या कर्जदारांसाठीही तो प्रश्न निकालात निघाला.

ही नोटीस कपाटात ठेवून देण्याची सवय घातक आहे. ६० दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली, तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावेच लागते. पुढे बँकेने ताब्याची कारवाई केली, तर ४५ दिवसांत मुंबईच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. वसईच्या दिवाणी न्यायालयात दावा लावून स्थगिती मिळेल, ही आशा सामान्यतः फोल ठरते, कारण दिवाणी न्यायालयाचा अधिकार या कायद्याने काढून घेतला आहे. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हादंडाधिकारी म्हणून पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. न्यायाधिकरणात हरल्यास अपील आहे, पण त्यासाठी देय रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ती फार तर पाव हिश्शापर्यंत कमी होऊ शकते.

लिलावाच्या बाबतीत तर आता आणखी सावध राहावे लागते. सेलर एलएलपी विरुद्ध बाफना मोटर्स या मुंबईच्या प्रकरणात मालमत्तेला लिलावात १०५.०५ कोटींची बोली आली होती. कर्जदार कंपनी त्याहून अधिक, १२९ कोटी रुपये भरून ती सोडवून घ्यायला तयार होती आणि उच्च न्यायालयाने तशी परवानगीही दिली. सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२३ रोजी ती रद्द केली. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीच पूर्ण रक्कम भरली पाहिजे; त्यानंतर मालमत्ता सोडवण्याचा हक्क उरत नाही. अगदी शेवटच्या दिवशी नातेवाइकांकडून पैसे गोळा करून बँकेत धावण्याचे दिवस संपले.

उद्योग नोंदणी असलेल्या छोट्या कारखानदारांसाठी एक दार मात्र उघडे आहे. २९ मे २०१५ च्या केंद्राच्या अधिसूचनेने २५ कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी आजारी पडू लागलेल्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचे खाते सावरण्याची पद्धत घालून दिली. ती बँकांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी प्रो निट्स प्रकरणात सांगितले. पण खाते अनुत्पादक होण्यापूर्वीच उद्योजकाने पुराव्यानिशी पुढे आले पाहिजे, असेही बजावले. म्हणजे वकिलाकडे जाण्याची वेळ नोटीस आल्यावरची नव्हे, पहिला हप्ता चुकला तेव्हाची.

कर्ज घेतानाच करायचे एक साधे काम अनेक जण करत नाहीत. सही केलेल्या करारनाम्याची, हमीपत्राची आणि सर्व जोडपत्रांची प्रत मागून घेणे. ती कर्जदाराला द्यावी, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश २००३ पासून आहेत. प्रत हाती असेल तर वकील अर्ध्या दिवसात मत देऊ शकतो. नसेल तर त्याचा पहिला महिना ती मिळवण्यातच जातो. कर्ज फिटल्यावर मूळ दस्तऐवज ३० दिवसांत परत करावेत, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, हा १ डिसेंबर २०२३ पासूनचा रिझर्व्ह बँकेचा नियम घरकर्जासारख्या वैयक्तिक कर्जांपुरता आहे. व्यापारी कर्जदाराला तो मिळत नाही. व्यापाऱ्याने दस्तऐवज परत घेताना यादीबरहुकूम तपासावेत, सरसाईच्या नोंदवहीतील बोजा उतरल्याचा पुरावा घ्यावा आणि प्रत्येक जामीनदाराच्या नावे वेगळे मुक्तिपत्र मागावे: थोरल्याच्या नावे, धाकट्याच्या नावे, आणि दोघींच्याही नावे.