तळटीप आहे, पण आधार आहे का?

रशियातील काशिन या गावाजवळ चौदाव्या शतकात चांदीची एक प्रचंड खाण सापडली आणि तेथे सुमारे ४० हजार मजूर राबत होते, अशी तपशीलवार माहिती चिनी भाषेतील विकिपीडियावर अनेक वर्षे उपलब्ध होती. काशिन हे गाव खरे. त्वेर आणि मॉस्को यांचे वैर खरे. ही दोन्ही राज्ये त्या काळी गोल्डन होर्ड या मंगोल सत्तेची मांडलिक होती, हेही खरे. खाण तेवढी खोटी!

जून २०२२ मध्ये हा प्रकार उजेडात आला तो एका चिनी कादंबरीकारामुळे. कादंबरीसाठी साहित्य जमवताना त्यांना संशय आला. रशियन जाणणाऱ्यांकडून तळटिपा तपासून घेतल्या असता, उल्लेखिलेली पाने आणि ग्रंथांच्या आवृत्त्या अस्तित्वातच नसल्याचे आढळले. एकाच लेखिकेने दहा वर्षांत असे दोनशेहून अधिक लेख रचले होते. आपणास रशियन येत नाही, भाषांतर करणाऱ्या यंत्रावर आपली भिस्त होती, अशी कबुली तिने नंतर दिली. या लेखांना तळटिपा नव्हत्या असे नाही, भरपूर होत्या. टिपा मोजून लेखाचा दर्जा ठरविणाऱ्यांना ही मोठीच चपराक म्हणावी लागेल.

मध्य आशियातील गवताळ प्रदेशांचा, म्हणजे स्टेपचा मध्ययुगीन इतिहास अशा घोटाळ्यांना विशेष अनुकूल आहे. तेथील भटक्या पशुपालक समाजांनी स्वतः फार थोडे लिहून ठेवले. ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ हा मंगोल भाषेतील ग्रंथसुद्धा आपल्यापर्यंत पोहोचला तो चिनी लिपीत उतरवून घेतलेल्या रूपात. उरलेली साधने फारसी, अरबी, चिनी, लॅटिन आणि जुनी रशियन अशा भाषांत विखुरलेली आहेत. हौशी संपादकाला एवढ्या भाषा कोठून येणार? तो हाताशी असलेले पुस्तक घेतो, आणि ते बहुधा स्वामित्वहक्क संपलेले, म्हणून फुकट मिळणारे असते. हेन्री हॉवर्थ यांचा १८७६ पासून प्रसिद्ध झालेला मंगोलांचा इतिहास हे त्याचे ठळक उदाहरण. हॉवर्थ यांना मूळ साधनांच्या भाषा अवगत नव्हत्या. तरीही त्यांचे नाव तळटिपेत भारदस्त दिसते.

तळटिपांची संख्या कशी फसवते, याचा उत्तम नमुना म्हणजे चंगीझखानाचा ‘यासा’ हा कायदा. हा लेखी, कलमवार कायदेग्रंथ होता असे अनेक लेखांत ठामपणे सांगितलेले असते आणि आधार म्हणून पंधराव्या शतकातील इजिप्शियन इतिहासकार मक्रिझी याचा दाखला दिला जातो. यासाची प्रत बगदादच्या ग्रंथालयात एका परिचिताने पाहिली होती, असे मक्रिझी सांगतो. मात्र डेव्हिड अयालोन या अभ्यासकाने १९७१ पासून प्रसिद्ध केलेल्या लेखमालेत दाखवून दिले, की मक्रिझीने हा मजकूर चौदाव्या शतकातील उमरीकडून घेतला होता आणि उमरीने जुवैनीकडून. म्हणजे तळटिपेत तीन इतिहासकार असले तरी साक्षीदार एकच! पुढे १९८६ मध्ये डेव्हिड मॉर्गन यांनी असा लेखी कायदेग्रंथ खरोखर होता काय, याविषयीच शंका उपस्थित केली. यासावरील लेखात या वादाचा मागमूसही नसेल, तर तो लेख किमान काही दशके मागे आहे असे खुशाल समजावे.

चंगीझखानाच्या जन्मसालाचेही तसेच. साधनांतून ११५५, ११६२ आणि ११६७ अशी तीन साले निघतात. त्यांपैकी एकच साल निःशंकपणे देणाऱ्या लेखाची पुढील विधानेही जपूनच घ्यावीत.

आणखी एक सोपी परीक्षा आहे, ती तारखांची. शंकास्पद वाक्य लेखात केव्हा शिरले, हे ‘इतिहास’ या पानावर दिसते. आधार म्हणून दिलेले पुस्तक अथवा बातमी त्यानंतरची असेल, तर तिच्या लेखकाने ते वाक्य याच लेखातून उचललेले असण्याचा संभव असतो. या चक्रात वृत्तपत्रांचाही वाटा आहे, हे आम्हा पत्रकारांना नाकारता येणार नाही. ‘चर्चा’ पानावर कोणी पूर्वीच आक्षेप घेतला आहे काय, तेही पाहावे.

मोठ्या आकड्यांच्या बाबतीत ‘च्या मते’ हे शब्द आहेत की नाहीत, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. १२२१ मध्ये मंगोलांनी मर्व शहरात १३ लाखांहून अधिक माणसे मारली, हा आकडा जुवैनीचा. त्याचा जन्म १२२६ चा, म्हणजे घटनेनंतरचा. शिवाय तो मंगोलांच्याच सेवेतील अधिकारी. त्याचा समकालीन जुझजानी मात्र मंगोलांच्या आक्रमणामुळे हिंदुस्थानात आला आणि दिल्लीच्या सुलतानाच्या आश्रयाने लिहीत होता, त्यामुळे त्याचा सूर उघड वैराचा आहे. लेखात आकडा तेवढा उरतो आणि सांगणारा गळून पडतो, तेव्हा हे काहीच वाचकाला कळत नाही.

जुवैनीच्या ग्रंथाचे जॉन अँड्र्यू बॉइल यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मर्वचा प्रसंग काढून पाहता येतो. इज्जुद्दीन नावाचा एक सय्यद काही सोबत्यांसह तेरा दिवस-रात्र प्रेते मोजत राहिला, असे जुवैनी सांगतो. आणि आकडा दिल्यावर त्या सय्यदाच्या तोंडी उमर खय्यामची एक रुबाई घालतो.