वशिला आणि बंधुत्व

अमेरिकेतील विश्वविद्यालयांत ग्रीक मुळाक्षरांची नावे धारण करणारे विद्यार्थ्यांचे जे बंधुसंघ, म्हणजे तिकडच्या भाषेत फ्रॅटर्निटी, असतात, त्यांचा लौकिक बहुधा मेजवान्या, गुप्त दीक्षाविधी आणि पुढे उपयोगी पडणाऱ्या ओळखी यांपुरताच. परंतु न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विश्वविद्यालयात ४ डिसेंबर १९०६ रोजी सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी स्थापिलेल्या ‘अल्फा फाय अल्फा’ या संघाचा उगम निराळा आहे. या मुलांना वर्गात बाक मिळे, सोबत मिळत नसे. गोऱ्यांच्या बंधुसंघगृहांत त्यांना चाकरी मिळे, सभासदत्व नव्हे. अशांनी आपल्या संघाच्या ब्रीदात ‘सर्वांचे सेवक’ हे शब्द घालावेत, यात नम्रतेइतकाच स्वाभिमानही होता.

त्या ब्रीदाची कसोटी बाल्टिमोरच्या एका कज्ज्यात लागली. डोनाल्ड मरी या पदवीधराचा मेरीलँड विश्वविद्यालयाच्या कायदेशाळेकडील अर्ज केवळ वर्णावरून नामंजूर झाला, तेव्हा त्याचे वकीलपत्र चार्ल्स ह्यूस्टन आणि त्यांचे शिष्य थर्गुड मार्शल यांनी घेतले. फिर्यादी आणि दोन्ही वकील एकाच संघाचे बंधू. मार्शल मूळचे बाल्टिमोरचेच. पण गावातली ही शाळा आपल्याला दाराशी उभी करणार नाही हे ओळखून त्यांनी आगगाडीने वॉशिंग्टनला येजा करीत हॉवर्ड विश्वविद्यालयात कायद्याचे शिक्षण घेतले होते. ‘वेगळी पण समान सोय’ हा त्या काळचा दंडक. तर मग कृष्णवर्णीयांसाठी राज्यात दुसरी कायदेशाळा कोठे आहे, असा या गुरुशिष्यांचा बिनतोड सवाल होता. १९३५च्या जूनमध्ये निकाल मरीच्या बाजूने लागला आणि १९३६ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला. ह्यूस्टन १९५० मध्ये निवर्तले; चारच वर्षांनी मार्शल यांच्या वकिलीने शाळांतील वर्णविभागणी घटनाबाह्य ठरविली, आणि १९६७ मध्ये ते स्वतः सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

याच संघाच्या बंधूंपैकी पुढे एडवर्ड ब्रुक सेनेटवर निवडून गेले, मेनार्ड जॅक्सन अटलांटाचे आणि डेव्हिड डिंकिन्स न्यूयॉर्कचे महापौर झाले. १९५२ मध्ये बॉस्टनला दीक्षा घेतलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचे वॉशिंग्टनमधील स्मारकही, संघाने धरलेल्या चिकाटीमुळे, २०११ साली लोकार्पण झाले.

बंधुत्वाचा वशिला व्हायला वेळ लागत नाही. मरीला मात्र बंधूंचे बळ मिळाले ते दार उघडण्यापुरते. उघडलेल्या दारातून पुढे जे आत गेले, त्यांना कोणी तुमचा संघ कोणता, असे विचारले नाही.